गाय आणि कवाड

गायीच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर १२ आकडी नंबर. तिची जात, वय, लस, वेत, सगळं त्या नंबरामागे नोंदलेलं. आणि ती ज्या गोठ्यात उभी आहे तो गोठा कायद्याने कोणाचा, असं विचारलं की घरातली पाच माणसं पाच उत्तरं देतात.

गेल्या रविवारी बडोद्यात, समाच्या आमच्या घरात हेच झालं. भाचा आला होता, बरोबर त्याची बायको आणि माझी बहीण. मंजुसरच्या पुढे सावली तालुक्यात त्यांची थोडी जमीन आहे. मेहुणे गेल्यावर ती बहिणीच्या आणि भाच्याच्या नावावर चढली. तिथे वीस गीर गायी आणायच्या ठरल्या आहेत. भाच्याच्या हातात एक चकचकीत कागद होता. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, सात दिवसांत, पॅन-टॅनसकट, एकरकमी दर.

"मामा, नाव ठरलंय. शेवटी 'रँच' येणार."

"जमीन?"

"ती आहेच की. कंपनी आमच्याकडून विकत घेईल."

नाही घेणार. घेऊच शकत नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८, कलम ६३. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच. कंपनी शेतकरी नाही. कारखान्यासाठी जमीन घ्यायची वेगळी वाट कायद्यात आहे, पण ती कारखान्याची. गोठ्याला ती लावायला गेलात तर वकिलाच्या फीत दोन गायी जातील.

या कायद्याची आपल्याशी सोयरीक जुनी आहे. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईचे कायदे आपल्याकडे आले. ११ वर्षांनी, पुन्हा १ मे लाच, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. राज्यं दोन झाली, कलम ६३ दोन्हीकडे राहिलं. म्हणून साताऱ्यातल्या चुलत्याला आणि सावलीतल्या भाच्याला एकच कलम आडवं येतं.

इथे आणखी एक गाठ आहे, ती बडोद्याच्या मराठी घरांनी नीट समजून घ्यावी. महाराष्ट्रातल्या गावाकडचा सातबारा दाखवून गुजरातेत शेती घेता येईल असं अनेकांना वाटतं. कच्छात दशकानुदशकं शेती करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना, तुम्ही मूळचे गुजरातचे नाही म्हणून इथले खेडूत, म्हणजे शेतकरी, नाही, असं सरकारने ऐकवलं होतं. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, तर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी वाळवंटाच्या कडेला पिकं उभी केली त्यांची ही गत. तेव्हा खेडूत खातेदाराचा दाखला हातात नसेल तर गोठ्याच्या नावाचा विचार आधी करू नका.

भाचा म्हणाला, "पण गोठा म्हणजे शेतीच ना?"

हाच सगळ्यात महाग गैरसमज. त्याच १९४८ च्या कायद्यात शेतीची व्याख्या आहे आणि दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, पशुपैदास यांना तिथे शेतीत धरलेलंच नाही. ते 'जोडधंदे' म्हणून वेगळे काढले आहेत. आयकराचंही तेच. शेतीचं उत्पन्न करमुक्त, दुधाचं नाही. बेनॉयकुमार सहस रॉय खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की जमिनीवर प्रत्यक्ष मशागत झाली तर शेती. नुसता जमिनीशी संबंध असून भागत नाही. स्वतःच्या शेतात स्वतः पिकवलेला चारा खाऊन गायीने दूध दिलं, तरी ते दूध धंद्याचं उत्पन्न. मी ओळखतो अशा तीन घरांनी दुधाचा पैसा वर्षानुवर्षं 'शेती' या रकान्यात भरला आणि नोटीस आल्यावर व्याजासकट चुकवला. कोणीतरी त्यांना पहिल्याच वर्षी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण विचारलं नाही.

म्हणजे जमीन एक गोष्ट, जनावरं दुसरी, दूध तिसरी. तिघांचे कायदे वेगळे, जोखीम वेगळी. तिन्ही एकाच पाटीखाली कोंबायची घाई कशाला?

'रँच' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. टेक्सासातलं किंग रँच १८५३ मध्ये सुरू झालं. आज ते सव्वाआठ लाख एकर आहे. मालकीण वारली, वारस वाढले, आणि जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९३० च्या दशकात त्या कुटुंबाने तिची कंपनी केली. कंपनीचा साचा त्यांनी वारसांसाठी घेतला: जमीन अखंड, वाटे शेअरचे. आपल्याकडे हे कारणच लागू होत नाही. १९६० च्या गुजरात कमाल जमीनधारणा कायद्याखाली कोरडवाहूतली कोरडवाहू जमीनसुद्धा एका कुटुंबाला साधारणपणे ५४ एकरांपलीकडे ठेवता येत नाही, बागायतीची मर्यादा तर त्याहून पुष्कळ कमी. टेक्सासचा अंगरखा सावलीच्या गोठ्याला शिवू नका. शब्द घ्या हवा तर; कारण आपलं शोधा.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. समाहून दुमाड चौकडी गाठली की आणंद तासाभराच्या आत.

१९४५ मध्ये मुंबई सरकारने मुंबईला दूध पुरवायची योजना आखली आणि खेडा जिल्ह्यातलं दूध उचलायचं काम पोल्सन या खासगी डेअरीला दिलं. शेतकऱ्याला दर परवडेना, मधले दलाल खाऊन जात. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदारांनी सल्ला दिला, स्वतःची सहकारी संस्था काढा आणि दूध तिच्यामार्फतच विका. सरकार ऐकत नसेल तर दूध देणं बंद करा. मोरारजी देसाई आले. ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात सभा झाली. पंधरा दिवस खेडा जिल्ह्याने मुंबईला दूध दिलं नाही. सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. सुरुवात दोन गावांच्या मंडळ्या आणि रोजचं २४७ लिटर दूध एवढ्यावर झाली. वर्गीस कुरियन त्यानंतर, मे १९४९ मध्ये, आणंदला उतरले.

क्रम बघा. आधी दुखणं ठरलं: दर आपल्या हातात नाही. मग साचा ठरला: ज्याचं दूध, त्याची संस्था, माणशी एक मत, मग घरी एक म्हैस असो की दहा. आधी नोंदणी करून घेऊ, धंदा काय ते मग बघू, असं समरख्यात कोणी म्हटलं नाही.

आणि सहकाराचं म्हणाल तर बडोदं आणंदच्याही आधीचं. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी सयाजीरावांच्या राज्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. देशात सहकाराचा पहिला कायदा आला तो १९०४ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी. कायद्यात खाना नव्हता तेव्हा या मराठी माणसाने मंडळी उभी केली, कारण एकमेकांना जामीन राहायचं हे माणसांनी आधी कबूल केलं होतं. ती मंडळी पुढे बँक झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पडली. ते वाचलं त्या दिवशी मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. शंभरावर वर्षं टिकलेला साचाही राखणारे हात ढिले पडले तर टिकत नाही. भाच्याला मी दोन्ही सांगितलं, उगवणं आणि मावळणं.

मग त्याने विचारलं ते बरोबरच होतं: "मग मी काय काढू?"

एकट्याचा गोठा काढता येतो. नोंदणीचा त्रास सगळ्यात कमी. पण कायद्याच्या लेखी मालक आणि धंदा एकच. धंद्याचं देणं घरापर्यंत येतं. माणूस गेला की धंदाही संपला.

हिंदू अविभक्त कुटुंब हा बडोद्यातल्या अनेक घरांचा लाडका साचा. कर वाचतो म्हणून. इथे मी थांबतो, कारण इथे मला राग येतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, झाली, आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही. चांगलं झालं. पण बायको? सून? ती कुटुंबाची सभासद असते, सहदायाद नसते. तिला वाटणी मागता येत नाही. कर्ता होता येत नाही. नवरा गेल्यावरही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच सांगून ठेवलं आहे. गोठ्यात पहाटे चारला उठतं कोण? आंबोण कालवतं कोण? वासराला बाजूला धरून पान्हा सोडवतं कोण? त्या बाईला ज्या साच्यात स्वतःची जागा नाही, तो साचा गोठ्याला लावणं हा अन्याय आहे. कर वाचतो म्हणून तो न्याय होत नाही.

भाचेसून आणंदला पशुवैद्यक शिकलेली आहे. चकचकीत कागदावर संचालक म्हणून दोन नावं होती: भाचा आणि त्याचा पुण्याचा मित्र.

मी ती नावं मोठ्याने वाचली. भाचेसून खिडकीतून बाहेर बघत राहिली.

आता कंपनी. तिचे गुण मी नाकारत नाही. कंपनीचं देणं कंपनीचं, भागधारकाचं घर सहसा सुटतं. पण बँक नव्या कंपनीला कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी मागतेच, म्हणजे ज्या भिंतीसाठी कंपनी काढली तिला पहिल्याच दिवशी भगदाड. उलाढाल चार आणे असो की चार कोटी, दरवर्षी लेखापरीक्षण करावंच लागतं. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं. तीन वर्षं ओळीने भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदवहीतून काढल्या आणि तीन लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरवले. त्यांत लबाड होते तसे साधेही होते, ज्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून कंपनी काढली आणि मग विसरले. कंपनी सात दिवसांत निघते. बंद करायला किती दिवस, हे त्या चकचकीत कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"पण कंपनी नसेल तर कर्ज, सवलत मिळत नाही ना?" हेही त्याला कोणीतरी सांगितलेलं. खोटं आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या १५,००० कोटींच्या पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीत ३ टक्के व्याजसवलत ठेवली गेली आणि ती एकट्या उद्योजकालाही खुली केली गेली. किसान क्रेडिट कार्ड २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर पशुपालकांना खुलं झालं. आयकरात दोन कोटींपर्यंतच्या (रोखीची आवक पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंतच्या) उलाढालीवर ठोक नफा दाखवण्याची सोय आहे: ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. ती एकट्याला आहे, अविभक्त कुटुंबाला आहे, साध्या भागीदारी पेढीला आहे. कंपनीला नाही आणि एलएलपीलाही नाही.

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी. २००८ चा कायदा. कंपनीसारखी भिंत, भागीदारीसारखी मोकळीक. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर लेखापरीक्षणाची सक्ती नाही. वीस गायींवर उद्या तूप, पनीर, बाटलीबंद दूध असं काही उभं राहिलं आणि बाहेरच्याचा पैसा आला, तर त्या भागासाठी एलएलपी मला आवडते. फक्त त्या भागासाठी. जमीन तिच्यात घालायची नाही. ती खेडूत नाही.

राहिली साधी भागीदारी. १९३२ चा कायदा. तिच्याबद्दल मी पुस्तकातून बोलत नाही.

मेहुण्यांनी आणि त्यांच्या मित्राने तरुणपणी त्याच जमिनीवर म्हशी ठेवल्या होत्या. अकरा म्हशी, एक कडबाकुट्टी, दुधाचे सहा कॅन. करार तोंडी. "आपल्यात कागद कशाला?" नऊ वर्षं एका ताटात जेवले. मग मित्र झोपेतच गेला. तेराव्यानंतर त्याची मुलं आली, त्यांचंही चुकलं नव्हतं, त्यांना बापाचा वाटा हवा होता. वाटा किती, कोणाला माहीत? वहीत दुधाचा हिशोब होता, भांडवलाचा नव्हता. दोघांच्या सहीने एका पतपेढीचं कर्ज होतं. तिने सगळं मेहुण्यांकडून वसूल केलं. भागीदारीत प्रत्येक जण सगळ्या देण्याला बांधलेला असतो, अर्ध्या देण्याला नाही. पाच-पाच म्हशी वाटल्या. अकरावी विकून पैसे वाटले. अकरावी सगळ्यांत दुभती होती. मित्राच्या बायकोने नऊ वर्षं आंबोण कालवली होती; तिच्या नावावर काही आलं नाही, मुलांच्या नावावर आलं. बहिणीच्याही नावावर तेव्हा काही नव्हतं.

कायदा काय म्हणतो? वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदार गेला की पेढी विसर्जित. दोनच भागीदार असतील तर ठरवलेलंही कामी येत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. पेढी नोंदलेली नसेल तर करारातला हक्क मिळवायला तिला किंवा तिच्या भागीदाराला दावा लावता येत नाही: ना दूध घेऊन पैसे बुडवणाऱ्यावर, ना एकमेकांवर. म्हणून भागीदारी वाईट असं मी म्हणत नाही. कागदाविना केलेली भागीदारी वाईट.

आपल्या शहराच्या राजघराण्याच्या नावाची एक आख्यायिका आहे. पूर्वज नंदाजींनी कत्तलीला चाललेल्या गायी आपल्या कवाडातून आत घेऊन वाचवल्या, म्हणून गाय-कवाड, गायकवाड. इतिहास म्हणून ती कितपत टिकते यावर अभ्यासकांनी बोलावं. मला त्यातलं कवाड महत्त्वाचं वाटतं. गोठ्याचा करार म्हणजे कवाड बसवणं. कोण आत येऊ शकेल, कोण कधी बाहेर पडू शकेल, जाताना काय घेऊन जाईल, आणि कोणी न सांगता गेला तर आतल्या गायींचं काय. पाटी, लोगो, नाव, हे सगळं भिंतीवरचं रंगकाम.

आणि ज्यांना कवाडच नाही, त्यांचं? समा-सावली रस्त्याने संध्याकाळी परतणारी जनावरं ज्यांची, त्या रबारी-भरवाडांकडे गायी आहेत, पिढ्यांचं ज्ञान आहे, आणि पुष्कळांकडे सातबारा नाही. त्यांच्या चराईच्या जागेवर नगररचनेच्या टीपी स्कीम आल्या, आमचीही घरं त्यातच उभी राहिली. २०२२ च्या मार्चअखेर गुजरात विधानसभेने शहरांत जनावरं पाळण्यासाठी परवाना सक्तीचा करणारं विधेयक मंजूर केलं. मालधारींनी, म्हणजे या पशुपालकांनी, विरोध केला, २१ सप्टेंबरला दूध विकणं बंद ठेवलं, आणि त्याच दिवशी विधानसभेने विधेयक मागे घेतलं. रस्त्यावरच्या गायींमुळे माणसं मरतात, जखमी होतात. तो प्रश्न खरा आहे आणि मी तो हलका करत नाही. पण परवाना मागण्याआधी त्या माणसाला उभं राहायला कायद्याने कोणती जागा दिली? एकट्याला जमीन घेता येत नाही, कारण तो खेडूत नाही. कंपनी काढली तरी घेता येत नाही, कारण कंपनीही खेडूत नाही. शहराच्या कडेला गोठ्यांसाठी जागा राखून ती मालधारींच्या सहकारी मंडळीला द्यावी, असं माझं ठाम मत आहे. भाच्यापुढे एवढे पर्याय आहेत कारण त्याच्या नावावर जमीन आहे. हे त्याने विसरू नये, म्हणून त्याला तोंडावर सांगितलं.

सहकार आणि कंपनी यांच्यामध्ये एक साचा आहे, तो वीस गायींच्या पुढचा विचार करणाऱ्यांसाठी. उत्पादक कंपनी. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात ती बसवली गेली आणि २००३ पासून लागू झाली. किमान दहा उत्पादक, संचालक पाच ते पंधरा, व्यक्ती सभासद असतील तर माणशी एक मत, आणि शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत. मंडळीवर निबंधकाचा आणि पुढाऱ्याचा जो हात असतो तो इथे नसतो. पण पूर्णवेळ मुख्याधिकारी नेमावाच लागतो, त्याचा पगार निघेल एवढं दूध पाहिजे. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स आणि सौराष्ट्रातली माही दूध उत्पादक कंपनी ही या साच्याची मोठी उदाहरणं. दोन्हीकडे माणसं आधी जमली. केंद्राची २०२० ची दहा हजार उत्पादक संघटनांची योजना आली तेव्हा मात्र अनेक ठिकाणी आधी नोंदणी, मग सभासदांची शोधाशोध असं झालेलं मी पाहिलं आहे. तिथल्या सभासदाला विचारा, तो कशाचा सभासद आहे. तो तुमच्याकडेच बघत राहतो.

भाच्याला मी जे सांगितलं ते असं. जमीन आहे तिथेच राहू दे, तुझ्या आणि आईच्या नावावर. पेढीच्या भांडवलात ती लिहू नकोस. गोठ्यासाठी भागीदारी कर, नोंदलेली, तिघांची: तू, तुझी बायको, आई. तीन असले की एक गेला तरी पेढी पुढे चालवायचं कलम कामाला येतं. गायी पेढीच्या नावावर, विमाही पेढीच्या नावावर, कानातला नंबर आणि पॉलिसीतला नंबर एकच आहे ना ते डोळ्यांनी बघ. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा पुराने कोणाचं नाव विचारलं नाही. भरपाईच्या वेळी मात्र नाव विचारतात. दूध गावच्या मंडळीत घाल. बडोदा डेअरीची गाडी येते, दर बरा की वाईट तो फलकावर लागतो. पुण्याच्या मित्राला पैसे घालायचे असतील तर तुपाच्या धंद्यात घाल म्हणावं, गोठ्यात नको. शेजारचे दहा जण गायी आणतील तेव्हा उत्पादक कंपनीचं बोलू.

आणि बायकोला पगार लाव. कामाचा पगार, करारात लिहिलेला. आयकर कायदा एरवी बायकोला मिळालेला असा पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवू शकतो, पण तिच्याकडे स्वतःची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि त्या ज्ञानावरच कमाई असेल तर मिळवत नाही. पशुवैद्यक असलेल्या सुनेचा गोठ्यातला पगार हा त्याचा याहून स्वच्छ नमुना कुठे मिळणार?

भाच्याने चकचकीत कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. नावं तीन. वाटा पन्नास, तीस, वीस, असं काहीतरी तो पुटपुटला. भाचेसुनेने पेन मागून घेतलं आणि तिन्ही आकड्यांवर रेघ मारली. तेहतीस, तेहतीस, चौतीस लिहिलं. चौतीस सासूपुढे.

मग तिने शांतपणे विचारलं, "मामा, आणि मला बाहेर पडायचं असेल तर?"

भाच्याचा चेहरा उतरला. "म्हणजे काय? कुठे जाणारेस?"

"कुठे नाही. विचारतेय."

बहीण एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"ते पहिलं लिहा," ती म्हणाली.